दमकाटा

सुकन्या मगदूमनं माझ्या कपाळावर पट्टा बांधला, आकडा बघितला आणि तिचा चेहरा एकदम खुलला. आकडा होता एकतीस. शंभरपैकी एकतीस पडल्यावर शाळेत आमच्या गणिताच्या बाई जशा बघायच्या, तसं खरं तर तिनं बघायला हवं होतं. ती उलट हसली, माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "रेवती, तू आमच्या गिल्डमध्ये ये." मला वाटलं, शाळेपासूनची मैत्रीण आहे, मायेनं खेळायला बोलवतेय. थकलेल्या माणसाला माया जरा जास्तच दिसते.

मिरजेत आमचं घर आहे, त्यात मी आणि माझे वडील, अण्णा खराडे. मी घरूनच एका विमा कंपनीचे दावे तपासते. अण्णा एके काळी कुस्तीच्या मैदानांत जोड्या लावायचे. म्हणजे कोणाची कुस्ती कोणाशी, हे ठरवायचं काम. गावाकडच्या मैदानात वजनकाटा नसायचा. दोन पोरं शेजारी उभी करायची, मान चाचपायची, दंड दाबून बघायचा, आणि सांगायचं की जोड बरोबरीची आहे किंवा नाही. अण्णांनी लावलेली जोड कुणी मोडली नाही, असं लोक सांगतात. आता त्यांना विसरण्याचा आजार आहे. मैदान सुरू व्हायचंय असंच त्यांना दिवसभर वाटत असतं, आणि दर पाच मिनिटांनी ते विचारतात, "जोड्या लागल्या का?" मी म्हणते, "लागताहेत, अण्णा." मग ते गेट उघडून मैदानाकडे निघतात आणि मी त्यांच्या मागे.

पट्ट्याबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळं झालं. डोकं खूप चालवलं की कपाळामागच्या मेंदूत ग्लुटामेट नावाचं द्रव्य साचत जातं. पेशींना एकमेकींशी बोलायला ते लागतंच, पण साठा वाढला की तो भाग कुरकुरायला लागतो. मग माणूस विचार करायचं सोडून जे सोपं असेल ते करून मोकळा होतो. दिवसभर निर्णय घेतलेली बाई संध्याकाळी 'कुठलीही भाजी आण' म्हणते, ते आळसानं नव्हे. झोपेत हा साठा निवळतो, पण बरेच दिवस साचलेला असला तर एका झोपेत नाही, तीन-चार लागतात. पट्टा कपाळातून आत प्रकाश सोडतो, परत आलेल्या प्रकाशावरून मेंदू किती जोर लावतोय ते मोजतो, आणि डोक्यात अजून किती ताकद शिल्लक आहे याचा आकडा देतो. कंपनीनं त्याला लांबलचक इंग्रजी नाव दिलं होतं. आमच्या सांगली-मिरजेकडच्या पोरांनी पहिल्याच आठवड्यात त्याचं 'दम' केलं, आणि जिथं तो अधिकृतपणे मोजतात त्या जागेचं 'दमकाटा'.

हा पट्टा खेळात आला तो न्यायासाठी. 'पाणलोट' हा खेळ तेव्हा घराघरांत होता. बारा जणांची एक गिल्ड, तिच्या ताब्यात एक नदीखोरं, त्यात साठ-सत्तर चौक्या, आणि समोरची गिल्ड एकाच वेळी दहा बाजूंनी चाल करून येणार. पूर्वी ज्याच्या खिशात पैसा तो चौक्या विकत घ्यायचा, ज्याला कामधंदा नाही तो वीस तास बसून राहायचा, आणि ज्याच्याकडं दोन्ही नाही तो यंत्रालाच आपल्या जागी खेळायला बसवायचा. साध्या माणसांच्या गिल्ड धुऊन निघायच्या. मग सामने भरवणाऱ्या लीगनं नियम केला. खेळताना पट्टा कपाळावर हवा. यंत्र खेळलं तर पट्ट्याला लगेच कळतं. शिवाय प्रत्येक विचाराला दम खर्च होतो, आणि दम वीसच्या खाली गेला की तुमचा पडदा बंद. म्हणजे कितीही वेळ बसा, डोकं आहे तेवढंच आहे. ते कुठल्या चौकीवर लावायचं आणि कुठली चौकी हसत सोडून द्यायची, हाच खेळ उरला.

गिल्डच्या जोड्याही दमावरच लागायच्या. दर बुधवारी सांगलीच्या केंद्रात बाराही जणांचा दम मोजायचा, बेरीज करायची, आणि बेरजेवरून गट ठरवायचा: हलका, मधला, भारी. सामना रविवारी. काट्यावर एक पंच बसलेला असे. ज्याचा आकडा खाली येईल त्याला तो एकच प्रश्न विचारायचा, "मुद्दाम जागरण केलंय का?" खोटं बोललं तर पट्ट्याला कळायचं. मला तो प्रश्न दर बुधवारी यायचा आणि मी दर बुधवारी खरं सांगायची, "नाही हो, मुद्दाम कशाला करू?"

सुकन्याच्या गिल्डचं नाव 'चिंचबन'. सुकन्या मिरजेत रक्ततपासणीची लॅब चालवते, आणि रक्ताचा असो की खेळाचा, आकडा तिच्यापासून लपत नाही. तिनं मला घेतलं आणि माझं आयुष्यच बदललं. हे मी टोमणा म्हणून सांगत नाही, खरंच बदललं. गुरुवार उजाडला की गिल्डमधलं कुणी ना कुणी आमच्या दारात हजर असायचं. बहुतेक वेळा इम्तियाजभाई सतारमेकर. त्यांच्या घराण्यात सतारी बनतात. भोपळा घासायचं काम बरोबर आणून ते अण्णांशेजारी ओसरीवर बसायचे आणि जोड्या लागल्या का याचं उत्तर न कंटाळता देत राहायचे. सुकन्याकडून डबा यायचा. मला सांगितलेलं असायचं की वर जा आणि झोप. गुरुवार, शुक्रवार, शनिवार मी मेल्यासारखी झोपायची, आणि रविवारी खेळायला बसायची तेव्हा माझ्या डोक्यात कुणीतरी खिडक्या उघडल्यासारखं वाटायचं.

आणि मी चांगली खेळायची. यात विनय कशाला दाखवू? अण्णांना सांभाळून नोकरी करणाऱ्या बाईला कुठं डोकं लावायचं हे शिकवावं लागत नाही. कढई घासायची राहिली तर राहू दे, रक्तदाबाची गोळी राहता कामा नये. शेजारीण रुसली तर रुसू दे, गेटला कडी हवी. पडद्यावर दहा बाजूंनी चाल आली की बाकीचे दहाही ठिकाणी धावायचे आणि अर्ध्या तासात दमून बंद पडायचे. मी सात चौक्या जाऊ द्यायची आणि तीन अशा धरायची की समोरच्याला पाणीच मिळू नये. हलक्या गटाच्या तक्त्यात आम्ही पहिले आलो. जेतेपदाला शेवटचा सामना उरला होता. ही माणसं मला फार आवडायला लागली होती. चाळिशी उलटल्यावर कुणी आपल्यासाठी दार वाजवतं, यासारखं सुख नाही.

त्या शेवटच्या सामन्याच्या आधीच्या सोमवारी अण्णांना ताप होता. मी इम्तियाजभाईंना फोन करून म्हटलं, दोन तास याल का, डोळे मिटताहेत माझे. ते घुटमळले. इतके घुटमळले की मलाच लाज वाटली. शेवटी म्हणाले, गुरुवारी नक्की येतो. सुकन्याला केला तर तिनं उचललाच नाही. मी म्हटलं, असतील कामं, आणि विसरून गेले.

मंगळवारी दुपारी अण्णांचा ताप उतरला आणि डोकंही स्वच्छ झालं. असं कधीकधी तासभर होतं. मी घरचा पट्टा लावून बसले होते, त्यांनी विचारलं काय मोजतेस. मी सांगितलं की दम मोजते, उद्या काट्यावर जायचंय.

"काटा कवा आन कुस्ती कवा?"

"काटा बुधवारी, कुस्ती रविवारी."

अण्णा खोकला येईपर्यंत हसले. "मंग तर लई सोपं हाय. आमची पोरं घोंगडं पांघरून पळायची. दोन दिस पानी न्हाई, अन्न न्हाई. वजन उतरवून काट्यावर उभी ऱ्हायची आन हलक्या गटात जायची. काट्यावरनं उतरली की दूध, बदाम, मटान. कुस्तीला उभी ऱ्हाताना सख्खा बाप वळखायचा न्हाई."

"आणि ते चालायचं?"

"काटा खरंच बोलतो की. काट्याला काय ठावं, मानूस कवा जेवलाय." मग त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं, हात पुढं केला आणि माझी मान चाचपली, पूर्वी पोरांची चाचपायचे तशी. "तुला कुनी उपाशी ठेवलंय का गं?"

पुढच्या मिनिटाला त्यांनी विचारलं की जोड्या लागल्या का, आणि तो तास संपला. माझ्या डोळ्यांपुढं मात्र सुकन्याचा तो खुललेला चेहरा आला. एकतीस. मग आठवत गेलं की सोमवारी, मंगळवारी आमच्याकडं कधीच कुणी आलेलं नाही. एकदाही नाही. दर गुरुवारी मात्र न चुकता.

बुधवारी काट्यावर माझा आकडा एकोणतीस आला आणि गिल्ड हलक्या गटात बसली. शेवटच्या सामन्यातलं समोरचं पथक ऐन वेळी आजारानं मोडलं, म्हणून लीगनं तो सामना एक आठवडा पुढं ढकलला. म्हणजे पुढच्या बुधवारी सगळ्यांनी पुन्हा काट्यावर यायचं होतं. त्याच दुपारी मी लॅबमध्ये जाऊन सुकन्याला विचारलं की माझा एकतीस बघून तू हसलीस का.

तिनं नाकारलं नाही. तिचा हा गुण मला अजून मान्य करावा लागतो. ती म्हणाली की नियम एकही मोडलेला नाही. दुसऱ्या गिल्ड पोरांना रात्रभर पाढे म्हणायला लावून दम उतरवतात आणि पंचापुढं पकडल्या जातात. तिनं फक्त आधीच थकलेलं माणूस शोधलं, जे खरं बोलूनही हलकं भरेल. आणि त्याला तीन दिवस झोपू दिलं, यात वाईट काय आहे?

"तुला याआधी सलग सात तास कुणी झोपू दिलं होतं, सांग की. रणजितदादानं?"

रणजित माझा मोठा भाऊ, पुण्यात असतो. रोज संध्याकाळी फोन करून अण्णा काय म्हणतात ते विचारतो. त्याच्या बोलण्यात माझ्या झोपेचा विषय कधी निघालेला नव्हता.

"आणि सोमवारी कुणाला का येऊ दिलं नाहीस?" मी विचारलं. "अण्णांना ताप होता."

सुकन्या रक्ताचा अहवाल वाचून दाखवावा तशा आवाजात म्हणाली, "सोमवारी कुणी आलं, की बुधवारी तुझा आकडा वर जातो."

मला राग आला, आणि रागापेक्षा भीती जास्त वाटली. कारण ती म्हणत होती त्यातलं काहीच खोटं नव्हतं. मी ताजी होऊन काट्यावर गेले तर गिल्ड हलक्या गटातून निघणार, तक्त्यातली पहिली जागा जाणार, आणि माझा त्यांना उपयोग संपणार. उपयोग संपल्यावर गुरुवारी दार कोण वाजवणार? गप्प बसले, तर आठवड्यातले चार दिवस माणसासारखी जगणार होते, फक्त उरलेले तीन दिवस मला कुणीतरी ठरवून बुडू देत होतं. खूप जणी याहून वाईट सौद्यात आयुष्य काढतात. मी दोन दिवस विचार केला आणि लक्षात आलं की मला थकव्याचा तेवढा त्रास होत नव्हता. माझा थकवा कुणीतरी जपून ठेवत होतं, त्याचा होत होता.

मग मी दादाला फोन केला. सांगितलं, रविवारी ये, बुधवारपर्यंत अण्णा तुझे. तो म्हणाला रजा नाही. मी म्हटलं, "मी वरच्या खोलीत कडी लावून झोपणार आहे, दादा. तू आला नाहीस तर अण्णा खाली एकटे असतील." हे मी कधीच केलं नसतं, पण दादाला ते माहीत नव्हतं. तो आला.

सोमवारी मी झोपले. मंगळवारीही झोपले. खालून दादाचा आवाज यायचा, आधी समजुतीचा, मग चिडका, मग नुसताच थकलेला. एकदा गेट वाजलं आणि चपला न घालता धावणारी पावलं ऐकू आली. मी उठले नाही. संध्याकाळी खाली आले तेव्हा तो जिन्याच्या पायरीवर बसला होता. मी त्याच्या कपाळाला पट्टा लावला. सव्वीस.

"हे रोज असतं?" त्यानं विचारलं.

"रोज."

त्यानं पट्टा काढून बराच वेळ हातात धरला. मग महिन्यातून एकदा असंच येऊन राहीन म्हणाला. मी म्हटलं, बघू.

बुधवारी काट्यावर माझा दम चौऱ्याहत्तर भरला. पंचानं पट्टा काढून पुन्हा लावला, पुन्हा तेच. केंद्रातल्या मोठ्या पडद्यावर आमची बेरीज वर सरकली आणि चिंचबन मधल्या गटात गेलं. तक्त्यातून नाव पुसलं गेलं. आमच्यातला एक जण काहीतरी पुटपुटला, इम्तियाजभाईंनी मान खाली घातली. सुकन्या माझ्याकडं बघत होती. तिला सगळं कळलं होतं. दादा त्याच दिवशी पुण्याला गेला.

गुरुवारी मी कुणाची वाट बघायची नाही असं ठरवलं होतं, आणि सकाळपासून दुसरं काहीच केलं नाही. नेहमीच्या वेळेला दार वाजलं. इम्तियाजभाई भोपळा घेऊन उभे होते. मी म्हटलं, आता कशाला आलात, माझा काही उपयोग नाही.

"गुरुवार आहे," ते म्हणाले. चपला काढता काढता खाली बघत पुढं म्हणाले, "त्या सोमवारीही यायचं होतं मला. आलो नाही, ते मला लागून राहिलंय."

रविवारी लातूरच्या गिल्डनं आम्हाला हरवलं. मी जीव तोडून खेळले, तीन चौक्यांनी गेलो. वाईट वाटलं, पण लाज वाटली नाही. समोरची माणसं आमच्याइतकीच होती, कमी नाही आणि जास्त नाही. अण्णांनी हात लावून बघितलं असतं तरी हीच जोड लावली असती. सुकन्या सामन्यात कामापुरतं बोलली. गुरुवारपासून रोज तिचा डबा आला होता, ती आली नव्हती. एक मैत्रीण गेली, असं मी मनाशी धरून टाकलं.

सोमवारी दुपारी दार वाजलं. सुकन्या होती. लॅबचा पांढरा कोट तसाच अंगात होता.

"काटा परवा आहे," मी म्हटलं.

"माहीत आहे. तू वर जाऊन झोप."

"आकडा वाढेल माझा."

"वाढू दे की." ती माझ्या बाजूनं आत शिरली आणि ओसरीवर अण्णांशेजारी बसली. तिला काय करायचं ते माहीत नव्हतं. आमच्याकडं इतके डबे पाठवले होते तिनं, पण एक तास बसली नव्हती. अण्णांनी तिच्याकडं बघून विचारलं, जोड्या लागल्या का. ती गडबडली, माझ्याकडं बघितलं. मी वर गेले.

ती सोमवारी आली, मंगळवारी सकाळीच लॅब दुसऱ्यावर सोपवून आली. मंगळवारी अण्णा गेटमधून निसटले आणि ती त्यांच्या मागे थेट मार्केटपर्यंत धावली, हे मला नंतर शेजारणीनं सांगितलं. तिच्या डोक्यात काही हिशेब नव्हता असं मी म्हणणार नाही. तिचं डोकंच तसं आहे. पण तो हिशेब काय होता, ते मी विचारलं नाही.

बुधवारी काट्यावर माझा दम सहासष्ट भरला. मागून सुकन्या बसली. एरवी सत्तरच्या खाली न येणारी ही बाई, तिच्या पट्ट्यावर अडतीस आले. पूर्वीच्या एकोणतिसावरून माझा जेवढा वाढला होता, जवळजवळ तेवढाच तिचा उतरला होता. पंचानं चष्म्यावरून तिच्याकडं बघितलं आणि नेहमीचा प्रश्न विचारला, मुद्दाम जागरण केलंय का. या प्रश्नाला नुसतं 'नाही' म्हणून मोकळं व्हायचं, हे तिनंच आम्हा सगळ्यांना शिकवलेलं होतं.

"जागरण नाही. दोन दिवस अण्णांपाशी होते."

"कोण अण्णा?"

"आमचे," सुकन्या म्हणाली.

पंचानं मान हलवली. पडद्यावर बेरीज आली. हलक्या गटाच्या मर्यादेपेक्षा फक्त चार जास्त. पूर्वीची सुकन्या असती तर ते चार तिनं कुणाकडून तरी उतरवून घेतलेच असते. सगळ्यांनी तिच्याकडं बघितलं, मीही बघितलं. ती भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती. पडद्याकडं तिनं बघितलंसुद्धा नव्हतं.